डबा भरलेला, पण पाणी नाही!

दोस्तांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जायचं म्हटलं की कशी धमाल असते! नवे कपडे, खाऊचा डबा, आगगाडीची खिडकी. 1901 च्या सुमारास साताऱ्यातली काही भावंडं अशीच नटूनथटून निघाली. वडिलांनी सुट्टीला बोलावलं होतं. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या सरकारी कामावर खजिनदार होते. या मुलांमधला नऊ वर्षांचा भिवा म्हणजे पुढे झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मसूर स्टेशनावर मुलं उतरली. वडिलांना पत्रच मिळालं नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तरांनी आपुलकीनं चौकशी केली. पोरं कशी टापटीप, जरीच्या टोप्या घातलेली! पण ‘आम्ही महार’ असं कळताच त्यांचा चेहरा एकदम बदलला. ते आत निघून गेले. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी मास्तरांनीच तोड काढली. भाडं दुप्पट द्यायचं, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूनं पायी चालणार!

रात्र झाली. डबा भरलेला होता, पोटात भूक होती, पण प्यायला पाणी नव्हतं. वाटेत दिसलं ते शेणामुताचं, चिखलाचं. नाक्यावर महार म्हटलं तर पाणी मिळणार नाही, म्हणून भिवानं आपण मुसलमान आहोत असं उर्दूत सांगितलं. पाहा, घोटभर पाण्यासाठी नऊ वर्षांच्या पोराला आपली ओळख लपवावी लागली! तरीही पाणी मिळालं नाहीच. मुलं उपाशीच झोपली. वडील तलावाच्या कामावर आणि लेकरं तहानलेली!

हे सारं बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा इंग्रजी आठवणीत लिहून ठेवलंय. त्यांच्या शाळेचीही हकिगत त्यात आहे. बसायचं गोणपाट घरून आणायचं नि संध्याकाळी परत न्यायचं. नळाला हात लावायचा नाही. शिपाई नसला की पाणी नाही! बाबासाहेब अमेरिकेत ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथे ही आठवण अभ्यासाला लावली गेली. मानवी हक्क शिकवायला दहा तक्ते आणि भाषणं एकीकडे नि ही मोजकी पानं एकीकडे. मी तर पानंच निवडीन.

आई-बाबांनो, गुरुजी-बाईंनो, हे वर्गात वाचा. राज्य सरकारने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात ते आहे. मात्र वाचताना एक सांभाळा हं! कुणा एका मुलाकडे वळून ‘तुझं काय मत?’ असं विचारू नका. ‘तू भिवा हो’ असंही म्हणू नका. ज्याच्या घरानं हे सोसलंय, त्यालाच पुन्हा सगळ्यांपुढे उभं कशाला करायचं? त्यापेक्षा सगळे मिळून स्टेशनमास्तरांचा विचार करा. मला तर या गोष्टीत तेच सर्वांत अवघड पात्र वाटतं. ते दुष्ट होते का? गाडी तर त्यांनीच मिळवून दिली. मग निघताना त्या लेकरांना पाण्याचा तांब्या का नाही दिला? गाडीवानानं काय करायला हवं होतं? आणि तुम्ही त्या फलाटावर असता तर? ‘मी असतो तर दिलंच असतं’ असं पटकन सगळेच म्हणतात बरं का! म्हणून पुढचा प्रश्नही विचारा: दिल्यावर चारचौघं तुम्हाला बोलले असते, तर?

कारण हा प्रश्न तुमच्या वर्गातही येतो. नवा मुलगा आला की ‘आडनाव काय रे?’ असं कुणीतरी विचारतं. कानाला यंत्र लावणाऱ्या मुलीला खेळात घेत नाहीत. डब्यातल्या भाजीवरून कुणाची तरी टिंगल होते. अशा वेळी मोठं भाषण नको. डबा घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसा. ‘बाईंना सांगू का?’ हे आधी त्यालाच विचारा. त्याच्या वतीनं परस्पर भांडण उकरून काढलंत, तर त्रास पुन्हा त्यालाच!

आता राज्यघटनेचं पुस्तक मिळवा आणि कलम 15 काढा. त्यात नुसतं ‘सगळे समान’ असं लिहून थांबलेले नाहीत. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते अशी ठिकाणं नावानिशी दिलीत. धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कुणालाही अडवायचं नाही. कलम 17 ने अस्पृश्यताच रद्द केली. ही घटना 26 जानेवारी 1950 पासून लागू झाली. मसूरला उतरलेला तो भिवा तिच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता.