बोटभर उंचीचा घोडेस्वार

पायापासून डोक्यापर्यंत पोलादी चिलखत, घोड्यावर रंगीत झूल, हातात लांब भाला, आणि घोड्यासकट एकूण उंची पाच-सहा सेंटीमीटर. युरोपी दंतकथांतील अशा सरदारांच्या, म्हणजे ‘नाईट’ लोकांच्या, लघुमूर्ती जुळवणे, त्यांत आपल्या मनाप्रमाणे फेरफार करणे आणि त्या रंगवणे हा अनेक देशांत मोठ्या माणसांचा छंद आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. आम्हांला मात्र त्यात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. या छंदातील जवळजवळ प्रत्येक युक्तीमागे भौतिकशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा एखादा धडा दडलेला आहे, आणि त्यांतील बहुतेक धडे एकाच प्रश्नाभोवती फिरतात : वस्तू लहान केली की तिच्याबरोबर काय काय लहान होते, आणि काय होत नाही?

आधी थोडा इतिहास. १८२४ साली प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर खेळायचा युद्धखेळ स्वीकारला. १९१३ साली एच. जी. वेल्स या लेखकाने (विज्ञानकथांमुळे तो आपल्या ओळखीचा आहे) खेळण्यातल्या शिपायांच्या लढाया घरातल्या जमिनीवर कशा खेळाव्यात याचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात दिले. १९७९ साली इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील न्यूअर्क गावी ‘सिटाडेल मिनिएचर्स’ ही मूर्ती ओतणारी कंपनी निघाली आणि १९८३ साली ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला. त्याच्या कल्पित जगात ब्रेटोनिया नावाचे एक राज्य आहे. आर्थर राजाच्या दंतकथा आणि मध्ययुगीन फ्रान्स यांच्या मिश्रणातून ते रचलेले आहे, आणि घोडेस्वार नाईट हे त्याचे मुख्य बळ. २०२४ च्या जानेवारीत ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने हा खेळ नव्या रूपात आला, तेव्हा पहिल्या दोन सेनांमध्ये ब्रेटोनिया होतीच. या मूर्ती तयार मिळत नाहीत. प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले घोड्याचे दोन अर्धे भाग, धड, हात, डोकी, ढाली असे सुटे तुकडे मिळतात. पुढचे काम आपले.

साठावा हिस्सा

उभ्या माणसाच्या तळपायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर, असे या मूर्तींचे रूढ माप आहे. खऱ्या माणसात हे अंतर सुमारे १.६५ मीटर असते. म्हणजे मूर्ती साधारण १/६० प्रमाणात झाली. आता हिशेब करू या. लांबी ६० पट कमी झाली की पृष्ठफळ ३,६०० पट आणि घनफळ २,१६,००० पट कमी होते. घोडा ५०० किलोग्रॅमचा आणि चिलखतासह स्वार १०० किलोग्रॅमचा धरला, तर ६०० किलोग्रॅमला २,१६,००० ने भागून उत्तर येते जेमतेम ३ ग्रॅम. पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकची घनता पाण्याहून किंचित जास्त, म्हणजे १.०५ असल्यामुळे प्लॅस्टिकच्या घोडेस्वाराला हा आकडा जवळजवळ तसाच लागू पडतो.

पायाची ताकद अवलंबून असते त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि पायावरचा भार अवलंबून असतो घनफळावर. म्हणून एकाच पदार्थाची मूर्ती ६० पट लहान केली की तिच्या पायावरील ताण ६० पटींनी घटतो. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात हाडांचे उदाहरण घेऊन हाच विचार उलट बाजूने मांडला होता : प्राणी मोठा होत गेला, तर हाडे प्रमाणाबाहेर जाड व्हावी लागतील. माद्रिद शहरात स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा अश्वारूढ पुतळा आहे. पिएत्रो ताका या शिल्पकाराने तो १६४० साली पूर्ण केला. घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून मागच्या पायांवर आणि शेपटीच्या आधारावर उभा आहे. तोल साधण्यासाठी मागचा भाग भरीव आणि पुढचा पोकळ ठेवावा, हा सल्ला गॅलिलिओचा होता असे सांगतात. जे कांशात करायला एवढी अक्कल खर्च झाली, ते ब्रेटोनियाचा तीन ग्रॅमचा घोडा सहज करतो. मात्र एक अट त्यालाही चुकत नाही. त्याच्या गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा बैठकीच्या आतच पडली पाहिजे. आकार कितीही बदलला तरी हा नियम बदलत नाही. म्हणून उसळलेल्या घोड्याची बैठक जड करतात. खाली लोखंडी वायसर चिकटवला तरी भागते.

या सेनेत पंख असलेल्या घोड्यांवरचे नाईटही आहेत. पाचशे किलोग्रॅमचा घोडा पंखांनी उडणे अशक्यच. पण तीन ग्रॅम म्हणजे एका लहानशा गुंजन पक्ष्याचे वजन. पुराणातला उडता घोडा या आकाराचा असता, तर आमची त्याला हरकत नसती!

मग इतक्या मजबूत मूर्ती मोडतात कशाने? आपल्या हातांनी. बोटे ६० पट लहान झालेली नसतात. खरा भाला ३.६ मीटर लांब आणि ४ सेंटीमीटर जाड धरला, तर मूर्तीत तो ६० मिलिमीटर लांब आणि ०.७ मिलिमीटरहूनही बारीक व्हायला हवा. एवढ्या अरुंद खोबणीत वितळलेले प्लॅस्टिक टोकापर्यंत नीट पोचणे कठीण, आणि पोचले तरी काडी उचलताना वाकणार. म्हणून शिल्पकार तो दुपटीने जाड करतात. गोल काडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की ताठपणा १६ पट. पण त्याच मापाने पाहिले तर नाईटच्या हातात आता आठ-नऊ सेंटीमीटर जाडीचा वासा आहे! मूर्तींचे पंजे आणि डोकीही अशीच मोठी केलेली असतात. नवख्याला हा शिल्पकाराचा दोष वाटतो, पण ती पदार्थाशी केलेली तडजोड आहे. काही हौशी मंडळी जाड भाला कापून तेथे पितळेची किंवा पोलादाची बारीक तार बसवतात. पोलाद पॉलिस्टायरीनपेक्षा साठएक पट ताठ असल्यामुळे तार बारीक असूनही सरळ राहते.

चिकटवणे आणि विरघळवणे

प्लॅस्टिकच्या मूर्तींसाठी मिळणारा ‘गोंद’ हा खरे तर गोंद नव्हे. तो ब्युटॅनोन किंवा एसिटेट वर्गातील द्रावक असतो. दोन्ही पृष्ठभागांवर तो लावला की तेथील पॉलिस्टायरीनच्या लांबलचक रेणुसाखळ्या सुट्या होतात. भाग एकमेकांवर दाबले की इकडच्या साखळ्या तिकडच्या साखळ्यांत गुंततात. मग द्रावक उडून जातो आणि उरते ते सलग प्लॅस्टिक. हे चिकटवणे नसून थंडपणी केलेले वेल्डिंग आहे. धातूच्या मूर्तीला हे द्रव्य उपयोगी नाही, कारण तेथे विरघळण्यासारखे काहीच नसते.

वर्गात हे दाखवणे अगदी सोपे आहे. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीनच. त्यात बहुतेक हवा असते. (महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे, पण यंत्राच्या वेष्टनातील एखादा तुकडा सापडतोच.) काचेच्या बशीत तो ठेवून त्यावर एसिटोनचे थेंब टाका. तुकडा जळाल्यासारखा बसत जातो आणि चिकट लगदा उरतो. त्यात रासायनिक बदल होत नाही. हवा निघून जाते आणि साखळ्या सुट्या होतात एवढेच. प्रयोग खिडकीजवळ करावा आणि जवळपास ज्योत नसावी. हीच काळजी मूर्ती जुळवतानाही घ्यावी.

धातूसाठी, किंवा धातू आणि प्लॅस्टिक यांच्या सांध्यासाठी, सायनोॲक्रिलेट लागते. आपल्याकडे ते ‘फेविक्विक’ या नावाने घरोघरी माहीत आहे. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणींसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना हे द्रव्य हाती आले, आणि जिथे लागेल तिथे चिकटते म्हणून बाजूला ठेवले गेले. १९५८ साली ते गोंद म्हणून विक्रीला आले. ते वाळत नाही. त्याचे बहुवारिकीकरण होते, आणि त्याला सुरुवात करून देतो पृष्ठभागावरील ओलावा. म्हणून ते बोटांना इतक्या तत्परतेने चिकटते. सुती कापडाने मात्र ते कधीही पुसू नये. सुतावर ही क्रिया इतक्या वेगाने होते की चटका बसतो.

हा सांधा ओढ सहन करतो, पण धक्का किंवा पीळ नाही. धातूचा पसरलेला हात किंवा पंख ही एक तरफच असते, आणि टोकाला लागलेला छोटासा धक्का सांध्यापाशी मोठा होतो. म्हणून दोन्ही भागांना एक मिलिमीटरचे भोक पाडून आत तारेचा तुकडा घालतात. सुताराची खुंटी ती हीच.

फेरफाराचे काम खरे रंगते ते पुटीमुळे. घोड्याची मान वळवायची तर एका बाजूने पाचर कापायची, मान वाकवायची आणि उघडलेली फट भरायची. त्यासाठी एपॉक्सी पुटी वापरतात. निळी आणि पिवळी अशा दोन पट्ट्या समान घेऊन एकसारखा हिरवा रंग येईपर्यंत मळायची. रंगाची ही योजना आम्हांला फार आवडते. मिश्रण पूर्ण झाल्याचे डोळ्यांनाच कळते. नळ दुरुस्त करणाऱ्यांचे ‘एम-सील’ त्याच जातीचे, फक्त अधिक भरड. तासभर पुटी मऊ असते, तेवढ्यात झगा, पिसे, घोड्याची आयाळ घडवायची. हत्यार पाण्यात बुडवून घेतले की चिकटत नाही.

जुन्या धातूच्या मूर्तींबद्दल एक इशारा. त्या शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूच्या असत. ६२ टक्के कथील असलेले हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. एकटे कथील २३२ ला आणि एकटे शिसे ३२७ ला. ओतकामाला ते सोयीचे होते, पण शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे. १९९० च्या दशकात बहुतेक उत्पादकांनी शिसे सोडून कथीलप्रधान मिश्रधातू घेतले. त्याआधीची मूर्ती हाती आली, तर ती कानशीने घासू नये आणि लहान मुलांच्या हाती देऊ नये. लाकडी कपाटात ठेवलेल्या शिशाच्या मूर्तींवर पांढरी भुकटी दिसली, तर ते शिशाचे कार्बोनेट समजावे. लाकडातून निघणाऱ्या सेंद्रिय आम्लांच्या वाफेने ते तयार होते, आणि तेही विषारीच.

रंगाचा थर किती जाड?

रंगाचा एक थर ०.०५ मिलिमीटर जाड धरा. साठपट केल्यावर तो होतो ३ मिलिमीटर. असे तीन थर म्हणजे नाईटच्या चेहऱ्यावर जवळजवळ एक सेंटीमीटरचा गिलावा! नाक-डोळे बुजतात ते यामुळे. म्हणून रंग पाण्याने पातळ करून दोन-तीन हात द्यावे लागतात. येथे पोस्टर रंग चालत नाहीत, कारण दुसऱ्या हाताच्या पाण्याने पहिला हात सुटून येतो. ॲक्रिलिक रंगात बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी गेले की ते एकमेकांत मिसळून पापुद्रा बनतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. चंदेरी रंगातले चमकणारे कणही लहान होत नाहीत. ०.०३ मिलिमीटरचा कण या मापात २ मिलिमीटरचा ठरतो, म्हणून स्वस्त चंदेरी रंगाचे चिलखत चमकी शिंपडल्यासारखे दिसते.

घडीघडीत सावली भरण्यासाठी गडद रंग खूप पातळ करून सोडतात. तो खाचांत आपोआप जाऊन बसतो. पाण्याच्या बाबतीत साधारण पावणेतीन मिलिमीटरपेक्षा लहान अंतरात गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताण वरचढ ठरतो, आणि झग्याची घडी तर अर्ध्या मिलिमीटरचीच. पण सपाट ढालीवर हाच रंग वाळला की कडेला गडद वर्तुळ उमटते, टेबलावर सांडलेल्या चहाच्या डागासारखे. थेंबाची कड जागेवर रुतलेली असते आणि तेथील बाष्पीभवनाची भरपाई करायला मधले पाणी रंगद्रव्य घेऊन कडेकडे वाहते. इतका जुना अनुभव, पण त्याचे नेमके स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी दिले ते १९९७ साली. रंगवणारे हे टाळण्यासाठी त्या ढालीवरचा जादा रंग कोरड्या कुंचल्याने टिपून घेतात.

सावली मुद्दाम का रंगवायची? ६० सेंटीमीटरवर धरलेली मूर्ती म्हणजे ३६ मीटर अंतरावरचा माणूस. त्या अंतरावरून डोळ्यांची बुबुळे काय, नाकाची सावलीही नीट दिसत नाही. शिवाय उन्हातील सूर्य आकाशात केवळ अर्ध्या अंशाचा असतो, तर मूर्तीवर प्रकाश पडतो लांबलचक ट्यूबलाइटचा. त्यात सावल्या पुसट होतात. म्हणून खोलगट भाग प्रत्यक्षाहून गडद आणि उंचवटे प्रत्यक्षाहून उजळ करावे लागतात. नाटकातला रंगभूषाकार शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासाठी हेच करतो.

दुरून ओळखू येण्याचा प्रश्न खऱ्या नाईटांपुढेही होता. शिरस्त्राणाने चेहरा झाकला की माणूस ओळखायचा कसा? बाराव्या शतकापासून ढालीवर आणि झुलीवर कुलचिन्हे दिसू लागली, आणि त्यांचा एक नियम ठरला : सोनेरी-चंदेरी (म्हणजे पिवळा-पांढरा) हा एक गट, तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हा दुसरा. एका गटाचे चिन्ह त्याच गटाच्या पार्श्वभूमीवर काढायचे नाही. ब्रेटोनियाचे सरदार रंगवणारेही बहुधा हाच नियम पाळतात. विद्यार्थ्यांकडून कागदाच्या पाच सेंटीमीटरच्या ढाली करून घ्या. काहींवर नियम पाळून सिंह किंवा चंद्रकोर काढायला सांगा, काहींवर नियम मोडून : पांढऱ्यावर पिवळी, काळ्यावर निळी. मग त्या फळ्यावर लावा आणि मुलांना वर्गाच्या दारातून मागे मागे जायला सांगून, कोणती ढाल किती पावलांवर ओळखू येईनाशी होते ते मोजून लिहून घ्या.