तोंडातला पांढरा थर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे दवाखान्याचा कागद आला की तो वाचायचे काम माझ्याकडे असते. मामांचा कागद वाचताना मी 'कँडिडा' या शब्दापाशी अडखळलो. तो शब्द समजून घेताना जे कळले, ते मामांच्या परवानगीने येथे मांडतो.

मामांच्या जिभेवर आणि गालांच्या आत फाटलेल्या दुधासारखा पांढरा थर धरे. भाकरीचा घास गिळवत नसे. 'तोंड आले' म्हणून नाना औषधे लावली. थर जाई, पुन्हा येई. शेवटी रक्त तपासले, तेव्हा एचआयव्ही निघाला.

कँडिडा ही एक बुरशी. पुष्कळ धडधाकट माणसांच्या तोंडातही ती मुकाट्याने राहते. रक्तातल्या सीडी-४ पेशींमुळे शरीराचा पहारा जागा असतो, म्हणून ती माजत नाही. एचआयव्ही नेमका याच पेशींवर घाला घालतो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या सामान्यतः ५०० च्या वर असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की बुरशीला रान मोकळे मिळते. १९८१ साली लॉस एंजेलिसमधल्या ज्या ५ रुग्णांमुळे एड्सची पहिली नोंद झाली, त्या पाचही जणांना ही बुरशी झाली होती.

बुरशीवर फ्लुकोनॅझोलसारखी औषधे आहेत आणि ती घ्यावीच लागतात. पण ती शेतात शिरलेली गुरे हाकलतात. मोडलेले कुंपण बांधतात त्या एआरटीच्या गोळ्या. या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, मग सीडी-४ पेशी हळूहळू वाढतात आणि बुरशी आपोआप आटोक्यात राहते. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हापासून उपचार घेणाऱ्यांत हा त्रास पुष्कळ कमी झाला. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत एआरटी सुरू झाली.

मामांचे तोंड काही महिन्यांत स्वच्छ झाले. 'बरा झालो' असे समजून त्यांनी गोळ्या सोडल्या आणि थर परत आला. विषाणू शरीरातून जात नाही, गोळ्यांनी तो फक्त दबून राहतो, हे तेव्हा आम्हाला उमगले. आता मामा एकही दिवस चुकवत नाहीत.

मित्रहो, घरात मामांचे ताट वेगळे होते. एका पंगतीला जेवल्याने एचआयव्ही लागत नाही, हे मी आजीला कितीदा तरी सांगितले. परवा तिने मामांचे ताट स्वतःच्या ताटाशेजारी मांडले.