मूत्रमार्गाची दुरुस्ती – भाग ७ : नालेसारखी किडनी

गेल्या आठवड्यात मुतखडा काढायच्या तीन वाटा पाहिल्या: बाहेरून लहरी मारून, लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून आणि पाठीतून छिद्र पाडून. किडनीची घडणच निराळी असेल तर या तिन्ही वाटांचं गणित बदलतं.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'हॉर्सशू किडनी' वाचून माणूस धसकतो. खरं तर साधारण ४०० ते ५०० जणांत एकाची किडनी अशी असते आणि अनेकांना ते जन्मभर कळतही नाही. गर्भात दोन्ही किडन्या ओटीपोटात तयार होतात आणि हळूहळू वर सरकतात. त्याआधीच त्यांची खालची टोकं एकमेकांना चिकटली, तर मधला सांधा मोठ्या आतड्याच्या एका धमनीखाली अडतो. जोडी तिथेच थांबते, खाली आणि अर्धवट वळलेली.

त्रास सुरू होतो तो निचऱ्याचा. मूत्रनलिका नेहमीपेक्षा वर जोडलेली असते आणि सांध्यावरून वळसा घेऊन खाली उतरते. मोरीचं भोक तळाशी नसून भिंतीत वीतभर वर असावं, तसं. लघवी तुंबते, खडे धरतात, जंतुसंसर्ग होतो. म्हणूनच लहरींचा उपाय इथे पुष्कळदा अर्धाच राहतो: खडा फुटतो, पण चुरा बाहेर पडत नाही. 'फुटला की झालं' असं रुग्णाला सांगणं मला तरी बरं वाटत नाही.

लहान खड्यासाठी लवचीक दुर्बीण आणि लेसर चालतं; चुरा मागे न ठेवता तुकडे टोपलीवजा जाळीत धरून बाहेर काढलेले बरे. मोठ्या खड्याला मात्र पाठीतली वाट. ही शस्त्रक्रिया १९७६ साली स्टॉकहोममध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी मांडली. एरवी किडनीच्या वरच्या कप्प्यात सुई घालताना फुप्फुसाचं आवरण दुखावण्याची धास्ती असते. इथे किडनीच खाली, त्यामुळे तोच वरचा कप्पा बरगड्यांच्या खालून गाठता येतो. शिवाय कप्प्यांची तोंडं पाठीकडे वळलेली, आणि मोठ्या रक्तवाहिन्या बहुधा पुढच्या बाजूने येणाऱ्या. दोष समजलेली घडण इथे सर्जनच्या कामी येते! पण वाट लांब असते, नेहमीची दुर्बीण तोकडी पडू शकते. आणि आतडं किडनीच्या मागे आलेलं नाही ना, हे आधी सीटी स्कॅनवर पाहावंच लागतं.

नलिकेच्या तोंडाशी अडथळा असेल, तर पोटावर तीन-चार छोटी छिद्रं पाडून अरुंद भाग कापतात आणि नलिका नव्याने शिवतात. पूर्वी त्याच वेळी मधला सांधाही कापत. आता सहसा त्याला हात लावत नाहीत. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या प्रत्येकात वेगळ्या असतात. शिवण भरून येईपर्यंत, काही आठवडे, आत स्टेंट (बारीक नळी) राहतो. तो काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर असते आणि कार्ड कपाटात.

(पुढील भागात : विसरलेला स्टेंट)