गाडीच्या पोटात कुणाचं इंजिन?

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलटून बघतो, सोनं घेताना हॉलमार्क शोधतो. पण जुनी गाडी घ्यायची वेळ आली की ‘ते पुरुषांचं काम’ म्हणून बाजूला उभ्या राहतो. कागदावर सही मात्र आपली असते!

आमच्या नेसरीतल्या एका बचत गटाला भाजी आणि काजूगर गडहिंग्लजला न्यायला दर खेपेला भाड्याचा टेम्पो करावा लागतो. कमाईतला मोठा वाटा त्यातच जातो. म्हणून बायकांनी वीसेक वर्षांची एक महिंद्रा पिकअप बघितली. किंमत परवडणारी, रंग चकचकीत. हेड गॅस्केट तेवढं गेलेलं होतं. ते आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे बदलून घ्यायचं आणि मग व्यवहार, असं ठरलं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, “वहिनी, ह्ये इंजिन ह्या गाडीचं न्हाई वाटत.”

आता आली का पंचाईत! मी बी.ए. मराठी, इंजिनाशी माझा संबंध मिक्सरपुरता. पण मिस्त्रींनी समजावलं ते कुणालाही कळेल असं होतं.

आरसी बुकावर चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. इंजिन नंबर ब्लॉकवर एका सपाट जागेवर ठोकलेला असतो, पण वर तेल-मातीचा थर. तो डिझेल आणि तारेच्या ब्रशने घासला, वरून खडू फिरवला, आणि आकडे पांढरे होऊन उठले. एक फरक लक्षात ठेवा. साच्यातून आलेले फुगीर आकडे त्या जातीच्या हजारो इंजिनांवर सारखेच असतात. आत खोल ठोकलेला नंबर त्या एका इंजिनाचा. तोच आरसीशी ताडून बघायचा. आणि ठोकलेला नंबर कुणी खरवडलेला दिसला तर? सरळ घरी यायचं. ती गाडी चोरीच्या मालाची असू शकते.

आमचा नंबर स्पष्ट होता, पण आरसीशी जुळेना. मालक म्हणाले, “कागदावर छापताना चुकलं असंल. इंजिन हेच हाय.” गटातल्या एक आक्का हळूच म्हणाल्या, “मग मापूनच बघा की.”

हेड उघडलेलंच होतं. आरसीवर २५२३ सीसी लिहिलेलं. त्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ८८.९ मिलिमीटर असतो. इथे भरला ९०. मालकांनी लगेच मान डोलावली, “बोअर करून मोठे पिस्टन घातल्यात, म्हणून.” तेही खोटं म्हणता येईना. झिजलेलं सिलिंडर असंच एखाद्या मिलिमीटरने वाढवतात.

पण पिस्टनची वर-खालीची धाव, म्हणजे स्ट्रोक, बोअर करून बदलत नाही. २५२३ सीसीच्या इंजिनाची धाव १०१.६ मिलिमीटर, म्हणजे चार इंच. (ते मूळचं ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, म्हणून माप इंचात बसतं.) मिस्त्रींनी पाना लावून क्रँक फिरवला, पिस्टन अगदी वर आणि अगदी खाली नेऊन मापलं. धाव आली ८३.

पाण्याच्या पिंपाचं घनफळ काढतो तसंच हे गणित. नऊ सेंटिमीटर गुणिले नऊ, गुणिले ०.७८५४, गुणिले ८.३, आणि सिलिंडर चार. गटातल्या एकीच्या बारावीतल्या मुलीने मोबाइलवर काढलं: २११२. मिस्त्री हसले. हे तर जुन्या एमएम ५४० जीपमधलं प्यूजो इंजिन! नावच ‘एक्सडीपी ४.९०’: सिलिंडर चार, बोअर ९०.

इंजिन बदलणं हा गुन्हा नव्हे. पेट्रोलच्या अॅम्बॅसिडरमध्ये डिझेल इंजिन बसवलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे त्याला आरटीओची मंजुरी लागते. ती न घेता बदललं असेल, तर मालकाने चौदा दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा माणूस नंबर ताडून बघतो तेव्हा दावा अडकतो. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी पासिंग लागतं, तिथेही प्रश्न येतो. शिवाय रोजची कटकट वेगळीच: आरसी बघून पिस्टन, रिंगा, गॅस्केट मागवलं तर एकही वस्तू बसणार नाही. लहान इंजिन पिकअपचा भरलेला बोजा चढावर कसा ओढणार, हा प्रश्न मिस्त्रींनी वेगळा काढला.

मालक शेवटी म्हणाले, त्यांच्याही आधीच्या मालकाने बदललं असावं. असेलही. माणूस लबाड वाटला नाही मला, पण पैसे बारा जणींचे होते. गटाने सांगितलं, इंजिन कुठून आलं त्याची पावती दाखवा, तुमच्याच नावावर असताना आरसीवर नोंद करून द्या, मगच पुढची बोलणी. विसारही दिला नाही.

पावती अजून सापडलेली नाही. भाजी तूर्त भाड्याच्या टेम्पोनेच जाते.