निपाणीचे चेहरे आणि अंधारखोलीतील फिल्टर

निपाणीतील तंबाखूच्या वखारीचे छायाचित्र घेणे ही छायाचित्रकाराची कसोटीच. छपराखाली अंधार, दाराबाहेर रखरखीत ऊन आणि आत तंबाखू चाळणाऱ्या स्त्रिया. युगांतर गटाने याच कामगार स्त्रियांच्या लढ्यावर १९८२ मध्ये केलेला ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट कृष्णधवल आहे. त्याच्या आदल्याच वर्षी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवला आणि ६ एप्रिलला त्यांच्यावर गोळीबार झाला. उन्हात तळपणारी पांढरी टोपी आणि तिच्या सावलीतला सावळा चेहरा, दोन्ही एका निगेटिव्हवर सामावतात. कागदावर मात्र दोन्ही उतरतीलच असे नाही. कागदाची झेप निगेटिव्हहून तोकडी असते.

हा फरक सांभाळण्यासाठी पूर्वी निरनिराळ्या क्रमांकांचे ब्रोमाइड कागद बाळगावे लागत. १९४० मध्ये इलफर्डचा मल्टिग्रेड कागद आला आणि एकाच खोक्यावर काम भागू लागले. आज मिळणाऱ्या अशा कागदावर निळ्या प्रकाशाने कॉन्ट्रास्ट वाढतो, हिरव्याने उतरतो. एन्लार्जरमध्ये पिवळा फिल्टर घातला की निळा प्रकाश अडतो आणि छटा मृदू होतात. किरमिजी फिल्टर हिरवा अडवतो आणि काळे-पांढरे ठळक होते. फिल्टरांचे क्रमांक ०० पासून ५ पर्यंत.

काम करण्याची रीत साधी आहे. टोपीचे विणकाम दिसेल इतका वेळ आधी चाचणीपट्टीवर ठरवायचा, मग काळा भाग पाहून फिल्टर निवडायचा. इलफर्डच्या संचात साडेतीनपर्यंत वेळ साधारण तोच राहतो, ४ आणि ५ ला दुप्पट लागतो. विरळ, फिकट निगेटिव्हला वरचे क्रमांक उपकारक ठरतात. पण आंदोलनाचे चित्र म्हटले की केवळ नाट्यासाठी पाचावर जाण्याचा मोह होतो. तेव्हा टोप्या उरतात, माणसे काळ्यात बुडतात. वृत्तचित्रात हे अक्षम्यच.

वखारीच्या चित्राला एक फिल्टर पुरत नाही. तिथे एकाच कागदावर दोनदा प्रकाश द्यावा लागतो. आधी ०० ने दाराबाहेरच्या उन्हात छटा आणायची, नंतर ५ ने छपराखालचा अंधार गडद करायचा. हा दुसरा प्रकाश पडत असताना आत बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर काही क्षण हाताची सावली धरायची आणि कडा उमटू नये म्हणून हात हलता ठेवायचा.