ब्रेस्ट रिडक्शननंतर कॉलेजला कधी जायचे? सुरतेत शिकणाऱ्या मुलींसाठी सहा आठवड्यांचा हिशेब

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या मुली इथल्याच कॉलेजांत शिकतात. नंदुरबार, नवापूर, धुळ्याकडून येऊन होस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीही आहेत. यातल्या काही मुलींना एक त्रास असतो, ज्याबद्दल घरात सहसा कोणी बोलत नाही. छातीचा आकार शरीराच्या मानाने फार मोठा असतो, त्यामुळे मान, खांदे आणि पाठ सतत दुखते. यावर ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया, हा मान्य उपचार आहे.

ऑपरेशन साधारण दोन ते चार तासांत होते आणि एक-दोन दिवसांत घरी सोडतात. त्यामुळे पुष्कळ जणींना वाटते, आठवड्याभरात कॉलेज सुरू करता येईल. गडबड इथेच होते. शरीराला पूर्ववत व्हायला किमान सहा आठवडे लागतात. ते सहा आठवडे परीक्षा, प्रॅक्टिकल, दप्तर आणि प्रवास यांत कसे बसवायचे, हे ऑपरेशनच्या तारखेआधीच ठरवावे लागते.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही

ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खोल वळ पडणे, वाकून चालण्याची सवय लागणे, स्तनांखालच्या घडीत घाम साचून पुरळ आणि बुरशीचा संसर्ग होणे, ही या त्रासाची नेहमीची लक्षणे. सुरतेच्या दमट हवेत पुरळाचा त्रास जास्त जाणवतो. मलम लावले की बरे वाटते, पावसाळा आला की पुन्हा तेच. शिवाय खेळाच्या तासाला बसून राहणे, बॅग कायम छातीशी धरणे, ओढणी सावरत पायऱ्या उतरणे, याचा मनावर होणारा परिणाम वेगळाच.

रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००९ मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी ही शस्त्रक्रिया करून घेतली. पाठदुखी होते आणि खेळताना हालचाल मंदावते, हे कारण तिने उघडपणे सांगितले. पुढे २०१८ मध्ये तिने फ्रेंच ओपन आणि २०१९ मध्ये विम्बल्डन जिंकले. आपल्याकडे मात्र अजूनही ‘लग्नानंतर होईल सगळं नीट’ असे म्हणून विषय संपवला जातो. लग्नाने पाठदुखी जात नाही, आणि गरोदरपणात स्तनांचा आकार बहुधा वाढतोच.

वय आणि वजन

स्तनांची वाढ थांबल्यानंतर शस्त्रक्रिया केलेली बरी. आकार निदान वर्षभर स्थिर असावा, असे डॉक्टर सहसा पाहतात. फार लवकर केली तर वाढ पुन्हा होऊ शकते. वजनही स्थिर हवे. १८ वर्षे पूर्ण झाली की संमतीची सही मुलीची स्वतःची असते. तरी पुढचे काही आठवडे जेवणखाण, कपडे, ड्रेसिंग यासाठी माणूस लागतोच, म्हणून घरातल्या एकाला तरी विश्वासात घ्यावे.

सर्जन निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, हे विचारायला संकोच करू नये. खासगी रुग्णालयांबरोबरच मजुरा गेटजवळच्या सरकारी न्यू सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणि महापालिकेच्या स्मीमेर हॉस्पिटलमध्येही आधी दाखवून सल्ला घेता येतो.

ऑपरेशनपूर्वी हिमोग्लोबिन तपासतात. ते कमी असेल तर आधी भरून काढावे लागते. तंबाखू, गुटखा, मिश्री किंवा सिगारेट काहीही असो, निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद हवे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचते आणि टाके उसवण्याचा धोका वाढतो. मिश्री लावण्याची सवय घरात साधी समजली जाते, म्हणून डॉक्टरांनी विचारले तरी ती सांगायची राहते. ती आवर्जून सांगावी.

आठवड्यांचा हिशेब

पहिला आठवडा : सूज, काळेनिळेपणा आणि ताण जाणवतो. काही वेळा रक्तपाणी बाहेर काढणारी बारीक नळी लावलेली असते, ती बहुधा एक-तीन दिवसांत काढतात. झोपायचे ते पाठीवर, उशा लावून डोके-खांदे उंच ठेवून. घरातल्या घरात चालायचे, कारण सतत पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. केस धुणे, वेणी घालणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे या गोष्टी दुसऱ्याने करायच्या. कपडे पुढून बटणाचे हवेत. डोक्यातून घालायचा कुर्ता या दिवसांत त्रास देतो.

दुसरा आठवडा : दुखणे कमी होते आणि इथेच मुलगी फसते. बरे वाटते म्हणून ती बॅग उचलते. लॅपटॉप, दोन जाड पुस्तके, पाण्याची बाटली आणि डबा मिळून पाच किलोच्या घरात जाते. या काळात दोन-तीन किलोंपेक्षा जास्त काही उचलू नये. १० लिटरची बादली म्हणजे १० किलो, हे होस्टेलवरच्या मुलींनी लक्षात ठेवावे. बसून अभ्यास करायला, ऑनलाइन लेक्चर ऐकायला हरकत नसते.

तिसरा-चौथा आठवडा : डॉक्टरांनी तपासून होकार दिला तर वर्गात बसता येते. वही एक, पेन एक, बाकी सामान मैत्रिणीकडे. बीआरटीएसच्या बसमध्ये वरची दांडी धरून उभे राहू नये, बसायला जागा मिळेल अशा वेळी निघावे. स्कूटीची घाई नको. गुंगी आणणारी वेदनाशामके बंद झालेली असावीत आणि अचानक ब्रेक दाबताना, हँडल वळवताना दुखत नसावे. त्यातही सुरतेचे स्पीडब्रेकर आणि खड्डे आहेतच.

पाचवा-सहावा आठवडा : हळूहळू नेहमीची कामे. सपोर्ट ब्रा साधारण चार ते सहा आठवडे दिवसरात्र घालायला सांगतात. धावणे, जिम, गरबा, एन.सी.सी.ची परेड हे सगळे सहा आठवड्यांनंतर आणि डॉक्टरांना विचारूनच.

सहा आठवडे झाले म्हणजे सगळे संपले असेही नाही. सूज पूर्ण उतरून आकार स्थिर व्हायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागते. व्रण आधी लालसर, जाड दिसतात आणि वर्ष-दीड वर्षात फिके होत जातात. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत व्रण जाड होण्याची शक्यता थोडी जास्त असते. घरात कोणाला केलॉइड असेल तर ते आधीच सांगावे. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी लावायला सांगतात. हळद, तेल, पावडर असले घरगुती उपाय जखमेवर करू नयेत.

तारीख कधीची घ्यावी?

कॉलेजच्या वेळापत्रकात दोन जागा सोयीच्या असतात. एक उन्हाळ्याच्या सुट्टीची. तेव्हा वेळ भरपूर मिळतो, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसरात्र घट्ट ब्रा घालणे अवघड जाते. पंखा, कूलर, रोज बदलायला दुसरी ब्रा आणि कोरडी त्वचा यांची सोय हवी. दुसरी जागा दिवाळीच्या सुट्टीची. गुजरातेत ती साधारण तीन आठवड्यांची असते आणि हवाही बरी असते. मात्र तीन आठवडे म्हणजे सहाच्या निम्मे. सुट्टी संपताच प्रॅक्टिकल किंवा परीक्षा असेल तर ही तारीख घेऊ नये. परीक्षेच्या आदल्या महिन्यात तर नकोच. तीन तास बाकावर वाकून लिहिण्यासाठी खांदे आणि छातीचे स्नायू मोकळे लागतात.

कॉलेजला काय सांगायचे, हा पुष्कळ मुलींचा प्रश्न असतो. अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. त्यावर ‘शस्त्रक्रिया झाली आहे, अमुक तारखेपर्यंत विश्रांती आणि वजन उचलण्यास मनाई’ असे लिहून मागता येते. कुठल्या अवयवाची शस्त्रक्रिया, हे त्यात असलेच पाहिजे असे नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हजेरी कमी पडणार असेल तर अर्ज आधी द्यावा, निकालाच्या वेळी नव्हे.

खोलीवर राहावे की गावी जावे?

होस्टेलवर एकटीने पहिले दहा दिवस काढणे कठीण. पण ऑपरेशन होताच गावी निघणेही बरोबर नाही, कारण पहिली तपासणी, नळी काढणे आणि ड्रेसिंग त्याच सर्जनकडे व्हायला हवे. सुरतेत मावशी, काका, कोणी ओळखीचे असेल तर पहिला आठवडा-दहा दिवस तिथे राहून मग डॉक्टरांच्या परवानगीने गावी जाणे सोयीचे पडते.

सुरतेहून नंदुरबारकडे जाताना रेल्वेने, आरक्षण करून, खालचाच बर्थ घ्यावा. वरच्या बर्थवर चढताना दोन्ही हातांवर सगळा भार येतो. बॅग दुसऱ्याने उचलावी. मध्ये उठून डब्यात चार पावले चालावे. बसने जायचे तर मागची सीट टाळावी. गावी गेल्यावर कानबाईचे रोट असोत की लग्नघर, दळण-पाणी, लहान मूल कडेवर घेणे या दिवसांत वर्ज्य. ‘दिसायला तर चांगली आहे’ म्हणून कामाला लावले जाते, तेव्हा आईने मध्ये पडावे.

नवापूर स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते. रुग्णाची फाइल मात्र आपोआप हद्द ओलांडत नाही. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत मागावे, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, औषधांची नावे आणि सर्जनचा फोन नंबर जवळ असावा. गावी रात्री काही झालेच तर नंदुरबार किंवा धुळ्याच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना त्या एका कागदावरून काय केले आहे ते कळते.

कशाला घाबरावे, कशाला नाही

टी आकाराच्या टाक्यात उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते, तिथे जखम थोडी उघडणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. बहुतेक वेळा ड्रेसिंगने काही आठवड्यांत ती भरते. स्तनाग्राची संवेदना कमी होणे किंवा मधूनच वीज चमकल्यासारखी कळ येणे हेही होते. संवेदना काही महिन्यांत परतते, काहींची कायमची कमी राहते.

खालीलपैकी काही झाले तर मात्र सकाळची वाट पाहू नये :

• एक बाजू अचानक फुगून टणक झाली आणि दुखणे वाढले
• ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, पू किंवा वास
• स्तनाग्र निळे-काळे पडू लागले
• पोटरीत दुखणे व सूज, छातीत कळ किंवा धाप लागणे

महिन्यांनंतर टणक गाठ हाताला लागली तर ती चरबीची असू शकते, पण तसे मानून गप्प बसू नये, दाखवून घ्यावी. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीला पाठवतात. तो रिपोर्ट मागून फाइलला लावावा.

घरात विचारला जाणारा आणखी एक प्रश्न म्हणजे पुढे बाळाला दूध पाजता येईल का. स्तनाग्र आतल्या ऊतींना जोडलेले ठेवून केलेल्या पद्धतीत अनेकींना काही प्रमाणात पाजता येते, पण दूध कमी पडू शकते. याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून हे सहीच्या आधी विचारावे.

पैशाचे काय?

आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. पण विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरलेल्या कलमातच एक अपवाद आहे. आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसे प्रमाणित केले असेल, तर तो या वगळणुकीत येत नाही. क्लेम मंजूर होईलच असे नाही, पण कागद भक्कम हवेत. पाठदुखीसाठी दाखवल्याच्या चिठ्ठ्या, त्वचारोगाची औषधे, फिजिओथेरपीच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि ऑपरेशनआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. गुजरातेत राहणाऱ्यांसाठी ते कार्यालय अहमदाबादला आहे, खानदेशातल्यांसाठी पुण्याला. आयुष्मान भारत योजनेतही सौंदर्यासाठीचे उपचार बसत नाहीत. आपल्या केसचे काय, हे रुग्णालयातल्या आयुष्मान मदत कक्षात दाखल होण्याआधीच विचारावे.

शस्त्रक्रिया करायची की नाही, हा निर्णय मुलीने डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. एकदा तो घेतला, की पुढच्या सहा आठवड्यांची तयारी घराने तिच्यासोबत करायची असते. तारीख, खोली, बॅग उचलणारी मैत्रीण, केस धुऊन देणारा हात आणि कॉलेजचा अर्ज, एवढे ठरले की मगच रुग्णालयात दाखल व्हावे.