निवोलुमॅब घेण्यापूर्वी

वडीगोद्रीच्या रुग्णाला कर्करोगाच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. औषधाचे दुष्परिणाम मात्र बहुधा घरी परतल्यावर दिसतात.

आपल्या रोगप्रतिकारक पेशींना पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कर्कपेशी तो दाबून स्वतःचा बचाव करतात. निवोलुमॅब हा ब्रेक सोडवते. ही केमोथेरपी नव्हे, आणि गुण प्रत्येकाला येतोच असेही नाही.

पूर्ण मात्रेचा खर्च फार मोठा. डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर टाटा मेमोरियलने केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले सुमारे १६ टक्के होते. गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅब घेणारे ४३ टक्के. रूढ मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असते. हा निष्कर्ष इतर कर्करोगांना परस्पर लावू नये.

ब्रेक सुटलेल्या पेशी आतडी, फुप्फुसे, यकृत, थायरॉइड यांवरही उलटू शकतात. कधी औषध थांबल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. म्हणून जुलाब, धाप, कावीळ किंवा अंगावर पुरळ दिसताच गावातल्या डॉक्टरांना उपचाराचा कागद दाखवावा आणि कर्करोगतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन करावा. वेळेत स्टेरॉइड मिळाले तर बहुतेक त्रास आटोक्यात येतो.